बंदुकांना पाय फुटले नव्हते

शाहूपुरीतल्या माझ्या स्पीकरच्या दुकानात गावाकडून फोन आला तेव्हा दुरुस्तीला आलेले दोन कर्णे एकदम कोकलत होते. "बाळू, नानी गेली," चुलतभाऊ म्हणाला. मी कर्णे बंद केले, तरी कानात आवाज घुमतच राहिला... माझी ही चुलती, तानूबाई, हळू बोललेली मी कधी ऐकलीच नव्हती. त्याला आता दीड महिना होईल.

आमचं गाव गारगोटीच्या पुढं, डोंगराच्या कुशीत, जेमतेम पन्नास-साठ उंबऱ्यांचं. बेचाळीसच्या चळवळीत भूमिगत मंडळींच्या बंदुका इथं लपवल्या होत्या, याचा गावाला कोण अभिमान! स्वातंत्र्याला पन्नास वर्षं झाली त्या साली शाळेपुढं मंडप पडला. स्पीकर अर्थातच माझे. व्यासपीठावर चळवळीतली जुनी माणसं बसली होती आणि नानी बायकांत अगदी मागं. तिला कुणी बोलावलं नव्हतं. म्हणून काय झालं? ठेवणीतलं लुगडं नेसून ती सगळ्यांच्या आधी येऊन बसली होती.

तालुक्याहून आलेले पाहुणे भाषणात रंगले. "बंदुका पोलिसांच्या डोळ्यांदेखत ओढ्यापासून पाटलांच्या गोठ्यात पोचल्या!" टाळ्या पडल्या. त्या थांबतात न थांबतात तोच मागून आवाज आला, "पोचल्या म्हंजे? पावणं, पाय फुटलं हुतं व्हय बंदुकांना?"

सगळा मंडप गर्रकन मागं वळला. "ए म्हातारे, बस खाली," कुणीतरी दटावलं. बसायचं सोडून नानी सरळ व्यासपीठाकडं निघाली. संयोजकांनी माईक बंद करायची खूण केली. मी उलट आवाज वाढवला.

"बंदुका मी आनल्या," नानी माईकशी तोंड नेऊन गरजली. "गवताच्या भाऱ्यात, डोक्यावरनं. नवी नवरी हुतो मी. वाटंत हवालदारानं आडवलं. भाऱ्यात काय हाय म्हनला. मी म्हटलं, गवत हाय, उतरून बघा की सायेब. पर मी महाराची हाय, शिवाल! तसा त्यो मागं सरला. जा म्हनला, जा लौकर!" ती खदाखदा हसली. "ज्या इटाळापायी आमाला कुनी दारात उभं करत नव्हतं, त्योच त्या दिवशी देशाच्या कामी आला बघा."

"कशावरनं खरं?" एक जण ओरडला. तेव्हा व्यासपीठावरचे बापू पाटील काठी टेकत उठले. गोठा त्यांचाच, आणि त्या बंदुकांपायी आजवरचे सगळे सत्कारही त्यांचेच. आता हे नानीला खाली उतरवणार, असंच मला वाटलं.

"भारा ह्या हातांनी उतरून घेतला मी," बापू म्हणाले. "इतकी वर्सं कुनी इचारलं न्हाय आनि म्याबी सांगितलं न्हाय. तानूबाई खरं बोलती." आणि आपल्याला मिळालेला मानाचा नारळ त्यांनी तिच्या हातात दिला.

मग जो गलका उठला म्हणता! आमच्या बौद्धवाड्यातल्या पोरी बाकांवर चढून शिट्ट्या मारत होत्या. पहिल्या रांगेतली काही माणसं तोंड वाकडं करून उठून गेली. गेली तर गेली!

त्या गर्दीतच बापू म्हणाले, "चल, घरी च्या घिऊ."

"त्या दिवशी गोठ्यापासनंच माघारी धाडलासा मला," नानी म्हणाली. "आदी तुमी आमच्याकडं या."

दुसऱ्या दिवशी भर दुपारी, सगळ्या गावादेखत, बापू आमच्या घरी आले आणि नानीच्या हातचा चहा प्यायले. मग पुढं सात-आठ वर्षं ते दर बाजाराच्या दिवशी येत राहिले. दोघं बेचाळीसवरून अशी भांडायची की चौकापर्यंत ऐकू जायचं. भारा किती जड होता, हवालदाराला मिशी होती की नव्हती...

परवा बाजाराच्या दिवशी मी गावीच होतो. बापू आले, नानीच्या खोलीत भिंतीला टेकून बसले. माझ्या बायकोनं चहा दिला. एक घोट घेऊन ते समोरच्या मोकळ्या जागेकडं बघत खणखणीत आवाजात म्हणाले, "हुती! मिशी हुतीच त्याला!"

आणि उत्तरासाठी थांबले.