व्याह्यांच्या अंगावरचे माझे डाग

माझ्या व्याह्यांइतका गरीब दिसणारा आणि माझी इतकी बदनामी करणारा माणूस अख्ख्या लखनौत दुसरा नाही. सांगली जिल्ह्यातून मी इथे चांदी गाळायच्या भट्टीवर कामाला आलो, आज आलमबागेत माझं स्वतःचं दुकान आहे. ते उभं करताना मी शेकडो लोकांशी भांडलो, घसा फुटेपर्यंत ओरडलो, पण कोणाच्या अंगाला बोट लावलं नाही. तरीही विकास नगरातल्या अर्ध्या कॉलनीची खात्री आहे की मी माझ्या मुलीच्या सासऱ्यांना मारतो.

व्याही मूळचे नागपूरचे, हवाई दलातून निवृत्त झालेले. जन्मभर विमानं दुरुस्त केली. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या हृदयाचे ठोके बिघडले, तेव्हापासून रक्त पातळ ठेवायची गोळी चालू आहे. अशा माणसाला जरासं काही लागलं की कातडीखाली रक्त पसरतं; आपण जिथे नुसतं हाय-हुय करून विसरून जाऊ, तिथे यांच्या अंगावर भरताच्या वांग्याएवढा डाग उठतो. बरं, उठला तर उठला, बाही खाली ओढावी आणि गप्प बसावं की नाही? छे! विमानाच्या पत्र्याला चीर दिसली की तिच्या टोकाशी खूण करून तारीख घालायची, म्हणजे ती वाढतेय का ते पुढच्या तपासणीत कळतं, ही त्यांच्या नोकरीतली शिस्त. ती त्यांनी स्वतःच्या देहाला लावली. डाग उठला की खिशातून मार्कर काढायचा, डागाच्या कडेने रेघ ओढायची, शेजारी तारीख घालायची आणि खाली कारण लिहायचं. आणि कारण म्हणून बहुतेक ठिकाणी एकच शब्द: ‘व्याही’.

आता आम्ही रोज सकाळी त्यांच्या कॉलनीतल्या कोर्टावर बॅडमिंटन खेळतो हे खरं, आणि माझा स्मॅश त्यांना बसतो हेही खरं. पण शटल अंगावर आलं की शहाणा माणूस बाजूला होतो. हे पुढे होतात! गणपतीत आमच्या मराठी मंडळाच्या आरतीला यांनी टाळ्या वाजवायला हात वर केले, झब्ब्याच्या बाह्या घसरल्या, आणि दोन्ही हातांवर मिळून चार ठिकाणी मी. बँकेतल्या एका बाईंनी माझ्या बायकोला खांबाआड नेऊन विचारलं, “अहो, मुलीच्या घरी सगळं ठीक आहे ना?” बायको दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आमची पाच वर्षांची नात, जिला मराठी सगळं कळतं पण तोंड उघडलं की हिंदी, ती रोज आजोबांचे हात तपासते आणि गॅलरीतून जाहीर करते, “नाना ने आजोबा को फिर मारा!” आणि हे काय करतात? हसतात.

एकदा मी स्वतः त्यांना डॉक्टरांकडे घेऊन गेलो. म्हटलं, गोळी तरी बंद करा नाहीतर खेळ तरी. डॉक्टरांनी मलाच झापलं. गोळी मनाने बंद करायची नाही, खेळ जपून चालेल, फक्त डोक्याला मार लागला तर कितीही बरं वाटत असलं तरी तडक दवाखान्यात यायचं. व्याह्यांनी मान डोलावली. ते सगळ्यालाच मान डोलावतात. भाजीवाला भैया जो भाव सांगेल त्याला “ठीक है” म्हणतात, तेव्हा शेजारी उभ्या असलेल्या माझ्या जिवाची काय आग होते ती माझी मलाच ठाऊक.

हा माणूस अडला आहे तो फक्त एका गोष्टीवर. एप्रिलमध्ये गुण वीस-एकोणीस असताना त्यांनी मारलेलं शटल मागच्या रेषेच्या चांगलं चार बोटं बाहेर पडलं. मी पाहिलं. हे शांतपणे म्हणाले, “आत आहे.” मॅच गेली. तेव्हापासून भेटलो की ते “आत” म्हणायचे आणि मी “बाहेर”. मुलीच्या घरचा मान म्हणून मी पुष्कळ सोसलं आहे, पण ते शटल सोडलं नव्हतं.

गेल्या महिन्यात मी एक उंच शटल टाकलं. व्याही ते घ्यायला उलटे धावले, पाय अडकला, आणि डोकं मागून सिमेंटवर आपटलं. तो आवाज अजून माझ्या कानात आहे. मी जाळीखालून वाकून पोचेपर्यंत हे उठून बसलेले.

“पॉईंट कोणाचा?”

“खड्ड्यात गेला पॉईंट! गाडीत बसा. डॉक्टर काय म्हणाले होते?”

“अहो, आधी बघा तरी. डाग आहे?”

मी केस बाजूला करून पाहिलं. ना डाग, ना टेंगूळ.

“मग रेघ कशाभोवती ओढू? चला, गेम संपवून जाऊ.”

“आत्ताच्या आत्ता!”

“बरं, पाच पॉईंट.”

“एक नाही!”

“तीन?”

ज्याने आयुष्यात कांद्याचा भाव केला नाही तो घासाघीस करायला बसला, आणि ती कशावर, तर स्वतःच्या डोक्यावर! मी इतका ओरडलो की गॅलऱ्या भरल्या. मग एकदम माझ्यातला दुकानदार जागा झाला. समोरच्याला काय हवंय ते आधी विचारावं.

“तुम्हाला पाहिजे तरी काय?”

ते म्हणाले, “एप्रिलचं शटल.”

मी दात आवळले. “आत होतं.”

“मोठ्याने.”

“आत होतं!” सगळी कॉलनी ऐकत होती. “बसा आता!”

वाटेत त्यांनी मला दोनदा विचारलं, “आपण कुठे चाललोय?” मी पुढच्या ऑटोवाल्यांना शिव्या देत राहिलो.

तपासणीत डोक्याच्या आत थोडं रक्त साकळलेलं दिसलं. गोळीचा परिणाम उतरवायला इंजेक्शन दिलं, रात्रंदिवस पहारा ठेवला. तिथले डॉक्टर मला म्हणाले, “अच्छा हुआ, आप फौरन ले आए.” तिसऱ्या दिवशी व्याही नीट बोलू लागले. मला खूण करून जवळ बोलावलं.

“व्याही, ते शटल बाहेर होतं. चार बोटं.”

सात महिने मी या वाक्याची वाट पाहत होतो.

“आता उपयोग नाही,” मी म्हटलं. “सौदा झाला की झाला. आत होतं.”

आता ते घरी आहेत. गोळी डॉक्टरांनी पुन्हा सुरू केली आहे, रॅकेटचं मात्र “बघू” म्हणतात. मी बँकेतल्या एका साहेबांशी खेळतो. ते माझा स्मॅश आला की शहाण्यासारखे बाजूला होतात. व्याही कोर्टाच्या कडेला खुर्ची टाकून बसतात. शटल रेषेजवळ पडलं की मी त्यांच्याकडे बघतो, तर ते कधी माझ्या बाजूने सांगतात, कधी नाही. मी भांडत नाही. खेळ संपला की नात येऊन त्यांच्या स्वेटरच्या बाह्या वर करते, दोन्ही हात उलटसुलट करून बघते आणि म्हणते, “आज भी कुछ नहीं.”

हात अगदी स्वच्छ असतात. मला ते बघवत नाहीत.