नत्थूजी मास्तरांची इबारती गणितं

नत्थूजी मास्तरांचा दुसरीचा वर्ग गेला तो प्रभाकररावांच्या जिभेमुळे. निंदा केली असती तर एक वेळ निभावलं असतं. त्यांनी स्तुती केली.

साल त्रेपन्न. प्रभाकरराव नुकतेच ट्रेनिंग आटोपून आंजी गावापलीकडच्या एका खेड्यातल्या शाळेत लागले होते. वय बावीस, नावाला 'राव' चिकटलं होतं, मिशी अजून यायची होती. शाळेला खोल्या दोन, मधे कुडाची भिंत. भिंतीपलीकडे नत्थूजी अठ्ठावीस वर्षं दुसरी शिकवत होते. बायको देवकाबाई वारलेली, मूलबाळ नाही. घरी बोलायला कोणी नसल्यामुळे दिवसाचं सगळं बोलणं ते वर्गातच उरकून घेत.

इबारती गणित, म्हणजे गोष्टीतलं गणित, सांगायची त्यांची तऱ्हाच वेगळी. पुस्तकातला 'एक मनुष्य' त्यांच्या वर्गात पाऊल ठेवू शकत नसे; तिथे गावातलीच माणसं येत.

"तानबानं बारा संत्री आनली," नत्थूजी म्हणत, "अन् घरच्या चौघायले सारखी वाटली."

लगेच वर्गातली नलू उभी राही. "तानबा सारखी नाई वाटत जी! बायकोले कमी देते."

"असं? मंग आज त्याले आपन सारखी वाटाले लावू. सांगा, कितीकिती?"

"तीन तीन!" अख्खा वर्ग ओरडे. तानबाच्या बायकोला न्याय मिळाल्याचा आनंद त्या ओरडण्यात असे, आणि त्या भरात भागाकार होऊन गेल्याचं पोरांच्या ध्यानातही येत नसे.

भिंतीला कान लावून हे ऐकताना प्रभाकररावांना आपलं ट्रेनिंग फुकट गेल्यासारखं वाटे. म्हणूनच तपासणीला डिप्टीसाहेब आले तेव्हा त्यांना राहवलं नाही. साहेब नुसती रजिस्टरं पाहून निघाले होते. बैलगाडी जुंपलेली होती. प्रभाकरराव पुढे झाले. "साहेब, दुसरीला कोणतंही गणित घालून बघा. पुस्तकाची गरजच पडत नाही आमच्या नत्थूजींना!"

साहेब परत फिरले.

"एका मनुष्याजवळ अठरा केळी होती. ती त्याने तीन मुलांस समान वाटली. प्रत्येकास किती मिळाली?"

 मग नलूनं हात वर केला. "कोनता मानूस जी?"

"कोणताही."

"आपल्या गावचा का?" मागून एकानं विचारलं.

"त्याचे पोरं कोन्या वर्गात हायेत?" दुसऱ्यानं.

"अन् त्याच्या बायकोले नाई देल्ले?" नलूला काळजी लागली.

नत्थूजी हसत हसत काही सांगायला पुढे झाले. साहेबांनी हातानंच त्यांना थांबवलं आणि पेन्सिल काढली.

महिन्याभरात कागद आला. शिक्षक पुस्तक वापरत नाहीत, मुले उत्तराऐवजी प्रश्न विचारतात. सबब दुसरीचा वर्गही प्रभाकररावांकडे द्यावा. नत्थूजींकडे हजेरीपट, दाखले आणि घंटा. पेन्शनीला दोन वर्षं होती.

आता नत्थूजी ओसरीत बसून दाखले लिहू लागले. आतलं सगळं ऐकू यायचं. प्रभाकररावांनी तानबाला, संत्र्यांना आणायचा प्रयत्न केला, नाही असं नाही. पण त्यांच्या तोंडचा तानबा पुस्तकातल्यासारखाच बोलायचा, आणि पुढच्या तपासणीची धास्ती होतीच. हळूहळू 'एक मनुष्य' येऊन बसला. पोरं शहाण्यासारखी गप्प झाली.

एके दिवशी प्रभाकररावांनी पुस्तकातलं उदाहरण वाचलं. नलूनं पाटीवरून मान वर न करताच विचारलं, "गुरुजी, बेरीज का वजाबाकी?"

ओसरीतला नत्थूजींचा कुरकुरणारा टाक थांबला. 

त्या संध्याकाळी प्रभाकरराव नत्थूजींच्या घरी गेले. म्हातारा अंगणात सूप घेऊन एकट्यापुरती तुरीची डाळ निवडत होता. नत्थूजींनी बसायला पाट सरकवला, पाण्याचा गडवा दिला. वर्गाचं काहीच विचारलं नाही.

प्रभाकरराव पाणी प्याले. त्यांनी गडवा खाली ठेवला, पुन्हा उचलला.

"नत्थूजी, माझ्यामुळे झालं हे," ते म्हणाले.  "पण देवाशपथ, मी तुमचं चांगलंच सांगायला गेलो होतो."

नत्थूजींनी सुपातला एक खडा उचलून बाजूला टाकला.

"बाबू, तुले कोनं इचारलं होतं?"