मावशींच्या करवंट्या

साऱ्या बंगळूरची दुखणी एका बाटलीभर पाण्यात ओळखणारी बाई जगात एकच असेल, आणि ती माझी मावससासू आहे. लग्न झालं, पुण्याहून इलेक्ट्रॉनिक सिटीत राहायला आलो आणि पहिल्यांदा त्यांच्या बसवनगुडीच्या घरी जेवायला गेलो, तेव्हा पाण्याचा तांब्या पुढे करत त्यांनी विचारलं, "जावईबुवा, गोळ्या कुठल्या चालू आहेत?" मी संकोचत ॲसिडिटीची एक सांगितली. "सरी," त्या कानडीत 'बरं' म्हणाल्या, "म्हणजे आता तीही माझ्याकडेच येणार."

त्यांच्याकडे म्हणजे शहराच्या सांडपाणी शुद्धीकरण केंद्रात. तिथल्या प्रयोगशाळेत त्या रसायनतज्ज्ञ. आपण गिळलेल्या औषधाचा काही भाग तसाच शरीराबाहेर पडतो आणि गटारातून तिथे पोचतो. तिथले जंतू बाकीची घाण आवडीनं खातात. काही औषधांना मात्र तोंड लावत नाहीत. तेच पाणी पुढे कोरड्या गावांच्या तलावांत जातं. हे ऐकून लोक हळहळतात आणि पुन्हा जेवायला लागतात. मावशींनी करवंट्या गोळा करायला घेतल्या, कारण करवंटीचा नीट तयार केलेला कोळसा पाण्यातली औषधं धरून ठेवतो. माझ्या मेहुणीच्या लग्नात अंतरपाट धरला तरी मावशींचा पत्ता नाही! भरजरी शालू नेसून त्या आचाऱ्यांमध्ये उभ्या होत्या. "अण्णा, स्वल्प थांबा, टाकू नका त्या करवंट्या," म्हणत पोतं भरत होत्या. अक्षता टाकायला धावत आल्या, तेव्हा शालूला खोबऱ्याचा वास येत होता.

अशी पोती कारखान्यात जाऊन कोळसा होऊन आली आणि केंद्राच्या एका कोपऱ्यात पुरुषभर उंचीच्या नळकांड्यात मावशींनी तो स्वतः भरला. नेमकी ती जागा केंद्राच्या साहेबांना नव्या पंपासाठी हवी होती.

"मॅडम, पाणी स्वच्छ तर दिसतंय."

"दिसतंय, म्हणूनच भीती वाटते, सर."

साहेबांनी महिनाभराची मुदत दिली. पहिला अहवाल आला आणि आत जाणारं पाणी नि बाहेर येणारं पाणी जवळपास सारखंच निघालं. अहवाल अजून कुणी पाहिला नव्हता. मी असतो तर दडवला असता. मावशी तो घेऊन तडक साहेबांपुढे उभ्या राहिल्या. "भरताना माझी चूक झाली, सर. मधे फट राहिली. पाणी कोळशाला न शिवताच निघून गेलं."

आणखी पंधरा दिवस मिळाले. निवृत्तीला आलेल्या त्या बाईनं सगळा कोळसा उपसला, धुतला, थराथरानं पुन्हा भरला. रविवारी मी मदतीला गेलो. दुपारी माझी कंबर धरली, तेव्हा त्या शिडीवरून खाली बघत हसत होत्या.

दुसरा अहवाल त्या घरी घेऊन आल्या. वर साहेबांचा शेरा होता : नळकांडं राहू द्यावं, पंप दुसरीकडे बसवावा. मी ओरडणारच होतो, पण मावशींचं बोट एका ओळीवर थांबलं होतं. फिट येऊ नये म्हणून देतात ते औषध, सगळ्यांत चिवट. पुढे लिहिलं होतं, 'आढळले नाही'.

"यांची गोळी," त्या म्हणाल्या. काकांना, म्हणजे मावशींच्या यजमानांना, जाऊन सहा वर्षं झाली होती. "हे गेल्यावरही दर अहवालात हिचं नाव असायचं. दुसऱ्या कुणाची तरी असणार, कळतं मला. तरी आधी तेच शोधायची."

त्यांनी कागदाची हळूच घडी घातली.

"आज नाही सापडलं."