सात नंबरचे बूट

लोक विचारतात, फौजेत काय पाहिलंत? मी त्यांच्या पायांकडे बघतो. बूट घट्ट असतील तर तसं सांगतो. बहुतेकांना ते विचित्र वाटतं. म्हणून हे एकदा सविस्तर लिहून ठेवतो आहे.

ती निजामी अंमलातली, महायुद्धाची वर्षं होती. मी रियासतीच्या पायदळात लान्सनायक होतो. गंगाखेडजवळच्या गोदावरीच्या रेल्वेपुलावर आमच्या सेक्शनचा पहारा होता. पुलाच्या उत्तर टोकाला, म्हणजे परभणीच्या बाजूला, पत्र्याची एक बराक, एक टेलिफोन आणि आम्ही अकरा माणसं. सकाळी पाच वाजता उठायचं, सहाला पुलाची तपासणी, आठला परेड. दुपारी एक वाजता दोघांची पेट्रोल, म्हणजे गस्त, रुळाच्या कडेने परभणीच्या दिशेला दोन मैल जायची आणि परत यायची. वाटेत रूळ, भराव, रुळाखालून पाणी जायच्या मोऱ्या बघायच्या. महिनोन् महिने आमच्या हातून याहून जास्त काही घडलं नाही.

आमचे कमांडर उस्मान हवालदार. वय पन्नाशीकडे झुकलेलं, नाकावर दोरीने बांधलेला चष्मा. दर सोमवारी ते फूट इन्स्पेक्शन घेत. प्रत्येकाने अनवाणी पेटीवर बसायचं आणि पाय पुढे करायचे. हवालदार बोटांच्या बेचक्यांतून अंगठा फिरवत, टाच दाबून बघत, नखं सरळ कापली आहेत की गोल ते पाहत. बेचक्यात ओल सापडली तर त्या माणसाला सगळ्यांसमोर पाय पुसायला लावत. "बंदूक बिगडी तो दुसरी मिलती," ते म्हणत, "पाँव कां से लाऊँ मैं?" माझं शिक्षण नांदेडला उर्दूत झालं होतं, अक्षर बरं होतं. म्हणून पायांचं रजिस्टर मी लिहायचो. सेक्शनमध्ये मला मास्तर म्हणत.

हे नाव मला ज्ञानबाने दिलं. ज्ञानबा पेडगावचा, शेतकऱ्याचा मुलगा. भरतीच्या दिवसापर्यंत त्याने बूट घातला नव्हता. त्याचा चवडा रुंद, बोटं पसरलेली आणि टाच चुलीच्या खापरासारखी. स्टोअरमध्ये त्याने नऊ नंबर मागितला, तेव्हा सगळे हसले. तो म्हणाला, "हसा. पाय माजा हाय, तुमचा न्हाई."

त्या श्रावणात नवे बूट आले. उस्मान हवालदारांनी माझा पाय बघितला आणि म्हणाले, "आठ." मी सात घेतले. आठ नंबरात माझा पाय गावठी दिसायचा. सात नंबर मात्र निमुळता, घोट्याशी बसणारा, अधिकाऱ्यांच्या बुटांसारखा दिसायचा. पुढच्या महिन्यात परभणीला मोठी परेड होती आणि मला पहिल्या रांगेत उभं राहायचं होतं. हवालदार एवढंच म्हणाले, "पैनने वाला तुम. सोच लेव."

मी तो बूट सकाळी, बसल्या बसल्या पायात घालून बघितला होता. इथे नागरिकांसाठी सांगतो. बूट संध्याकाळी घ्यावा, कारण दिवसभरात पाय फुगतो. मोजे घालून, दोन्ही पायांवर उभं राहून बघावा. पायाच्या अंगठ्यापुढे हाताच्या अंगठ्याच्या रुंदीएवढी जागा राहिली पाहिजे. आधी चालून बघावं आणि मगच आरशात बघावं. यातलं एकही मी केलं नाही.

आठवड्यात बूट टाचेला लागू लागला. तेव्हा मी शिकलेल्या माणसाने करू नये ती चूक केली. आमच्या गावी, चुडाव्याला, नव्या वहाणा कडक असल्या की त्या रात्रभर पाण्यात भिजवतात, ओल्याच पायात घालून चालतात आणि मग तेल पाजतात. कच्चं कातडं पायाचा आकार घेतं. वडील तसंच करत. मी बूट बादलीत बुडवले. सकाळी ड्युटी होती, चालायला वेळ नव्हता, म्हणून ते स्टोव्हजवळ वाळत ठेवले. पण बूट म्हणजे वहाण नव्हे. तो कमावलेल्या कातड्याचा, आत तळाचा थर आणि खिळे. दुपारी बघितलं तर टाचेचं कातडं लाकडासारखं झालं होतं आणि बूट आणखी आवळला होता.

ज्ञानबाने तो हातात घेऊन उलटा केला. "मास्तर, ह्ये काय केलंस? वहाना हायेत का ह्या?"

"हळू बोल."

"माज्या बापानं केलं असतं तर समजलो असतो. तू तर पुस्तकं वाचतोस."

भाद्रपदातला सोमवार आला. इन्स्पेक्शनच्या वेळी माझ्या दोन्ही टाचांवरची कातडी गेली होती. नऊ जणांचे पाय झाले. मी एक एक नाव लिहून त्यापुढे 'ठीक' लिहीत होतो. शेवटी माझी पाळी. तेवढ्यात टेलिफोन वाजला. हवालदार उठता उठता म्हणाले, "मास्टर, तुम्हारे पाँव?"

"ठीक है, हवालदार साब."

"लिखो."

मी लिहिलं. खरं सांगितलं असतं तर परेडमधून नाव गेलं असतं. ज्ञानबा समोर बसून मोजे चढवत होता. त्याने माझ्याकडे बघितलं आणि दुसरा मोजा चढवला.

मंगळवारी दिवसभर पाऊस पडला. बुधवारी सकाळी नऊला टेलिफोन बंद पडला. गोदावरी चढत होती, पण पुलाला धोका नव्हता. दुपारी एक वाजता पेट्रोलवर ज्ञानबा आणि मी निघालो. सोबत एक घड्याळ, एक लाल झेंडी. परभणीहून येणारी पॅसेंजर पावणेतीनच्या सुमारास आमच्या हद्दीत येत असे.

दोन मैल आम्ही एरवी चाळीस मिनिटांत चालत असू. त्या दिवशी मी खडीवर पाऊल टेकलं की टाचेपासून गुडघ्यापर्यंत कळ जात होती. ज्ञानबा पुढे जायचा, थांबायचा.

"लंगडायलास."

"चल तू."

"रगत मोज्यातून वर आलंय, मास्तर. सांगायचं व्हतं सोमवारी."

"तू का नाही सांगितलंस?"

"तुजं तोंड हाय की तुला."

दोन वाजून पाच मिनिटांनी आम्ही शेवटच्या मोरीशी पोचलो. मोरी नव्हती. नाल्याने भराव पंधरा-वीस फूट कापून नेला होता. दोन्ही रूळ हवेत लोंबत होते, त्यांना काही स्लीपर अडकले होते, आणि खालून तांबडं पाणी जात होतं. पलीकडे रूळ सरळ जाऊन बाभळीच्या बनाआड वळत होता. गाडी त्याच वळणातून येणार होती. वळणाच्या पलीकडे जाऊन झेंडी दाखवली तरच ती वेळेत थांबणार होती. आम्ही अलीकडे होतो. हाताशी चाळीस मिनिटं होती.

मला पोहता येत होतं, ज्ञानबाला येत नव्हतं. जायला मीच हवा होतो. मी बूट उपसून काढले. मोज्याबरोबर उरलेली कातडीही आली. झेंडी घेऊन उभा राहिलो आणि ओल्या खडीवर दोन पावलं टाकली. तिसऱ्या पावलाला गुडघे दुमडले. पुन्हा उठलो, पुन्हा बसलो. नाला मी ओलांडला असता. पुढचा मैलभर पळणं माझ्या पायांत उरलं नव्हतं.

"बस खाली," ज्ञानबा म्हणाला. "झेंडी आन हिकडं."

"तुला पोहता येत नाही."

"पव्हायचं कुटं हाय? रुळावरून जातो."

तो बूट काढू लागला. पायाच्या बोटांनी रूळ धरता यावा म्हणून. मोज्यांची घडी करून आत ठेवली, परेडला ठेवतात तसे दोन्ही बूट एका रेषेत ठेवले, झेंडी कमरेला खोचली.

"खडीवर अनवाणी पळशील?"

"पेडगावच्या टाचा हायेत, मास्तर. तुज्यासारक्या शाळेतल्या न्हाईत."

रुळावर पोट टेकून, स्लीपरला पाय अडकवत तो पलीकडे गेला. मध्ये एक स्लीपर सुटून पाण्यात पडला. तो थांबला, मग पुढे सरकला. दोन वाजून सोळा मिनिटांनी तो पलीकडे उभा राहिला आणि पळत सुटला. वळणाआड गेला.

मी घड्याळ हातात धरून बसलो. अडीच वाजले. पाणी भराव खालून खात होतं, ढेकळं पडल्याचा आवाज येत होता. दोन अडतीसला इंजिनची शिटी ऐकू आली. एक लांब. मग तुटक, तुटक, तुटक. मग ब्रेकचा कर्कश आवाज. मग काहीच नाही.

काही वेळाने ज्ञानबा वळणातून चालत आला. झेंडी खांद्यावर.

"थांबली!" तो ओरडला. "ड्रायव्हर शिव्या द्यायलाय!"

"तिथंच थांब. कडेला येऊ नको. गाडीबरोबर मागे जा."

"आन तुला पोस्टवर कोन नेनार? तुजा बाप?"

"ज्ञानबा, मागं हो!"

"आलो, आलो. बूट तरी घेऊ दे माजे."

तो रुळाला हात घालायला वाकला. त्याच्या पायाखालचा भराव आवाज न करता खाली बसला. मी पाण्यात उडी मारली. माझ्या हाताला बाभळीची फांदी लागली, तो लागला नाही. तासाभराने पलीकडून आलेल्या गँगमननी दोर टाकून मला ओढून काढलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी नाला गोदावरीला मिळतो तिथे ज्ञानबा सापडला. त्याचे तळवे खडीने फाटले होते.

मी उस्मान हवालदारांना सोमवारचं खरं सांगितलं आणि म्हणालो, रजिस्टरचं ते पान फाडून टाका. त्यांनी चष्मा पुसला. "नै," ते म्हणाले. "रैने देव. तुम्हारा हाथ है, तुम्हारे कूच दिखना." माझ्या हातचं लिहिलेलं मलाच दिसत राहावं, असं. मला शिक्षा झाली, ती मी भोगली. तिच्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही.

पंधरा दिवसांनी ज्ञानबाचे बूट घेऊन मी पेडगावला गेलो. त्याचे वडील ओट्यावर बसले होते. मी कोण, ते सांगितलं. बूट पुढे ठेवले. टाचेपासून सगळं सांगितलं, काही लपवलं नाही.

मग त्यांनी एक बूट उचलला. आत हात घालून बोटं पार पुढपर्यंत नेली, टाचेचं कातडं दाबून बघितलं. ते मऊ होतं. ज्ञानबा दर रविवारी त्याला तेल लावायचा.

"ल्हानपनी त्याच्या मापाची वहान मिळायची न्हाई," ते म्हणाले. "पाय लय रुंद. सारखं लागायचं त्याला." मग त्यांनी विचारलं, "ह्ये लागत व्हते का?"

"नाही, बाबा," मी म्हणालो. "हे त्याला नीट बसत होते."

"बरं झालं," ते म्हणाले, आणि बूट मांडीवर घेऊन बसून राहिले.