गाणाऱ्यांना वाढताना

त्या बँडचं नाव मी सांगत नाही. सांगून उपयोगही नाही, तुम्ही ऐकलेलं नसणार. अमेरिकेतल्या मधल्याच कुठल्याशा गावातली चार माणसं, दोन गिटार, एक बेस, एक ड्रम. पहिला अल्बम मोठ्या कंपनीने काढला, तो खपला नाही, कंपनीने त्यांना सोडलं. पुढचे पाच त्यांनी आपले आपणच काढले आणि वीस वर्षं एका व्हॅनमधून फिरत राहिले. त्यांचंच ऐकून शिकलेली पोरं स्टेडियमं भरायला लागली, हे मात्र तळघरांतच. मला त्यांची सीडी पुण्याच्या हॉस्टेलवर मिळाली. आधीच्या मुलीने खोली सोडताना ती कपाटात टाकून दिली होती.

पुढे मी रिसर्चसाठी जर्मनीत हायडेलबर्गला आले, तेव्हा ती सीडी सोबत आणली. शुक्रवारी चार वाजता इन्स्टिट्यूटचा कॉरिडॉर रिकामा व्हायचा. सगळे आपापल्या घरी, आपापल्या माणसांत जायचे. मग सोमवारपर्यंत माझ्याशी बोलणारी एकच व्यक्ती, सुपरमार्केटच्या काउंटरवरची बाई. ‘पावती हवी?’ ‘नको, डांके.’ झालं वीकेंडचं बोलणं. कधीकधी मी मुद्दाम दोनदा जायची, एकदा दुधाला, एकदा ब्रेडला. मी फार एकटी होते. आज हे लिहिता येतंय, तेव्हा घरी फोनवर ‘मस्त चाललंय’ म्हणायची.

खोलीत ती गाणी लावून ठेवायची. त्या गायकाचा आवाज काही गोड नव्हता. सर्दी झालेल्या माणसाने समजूत घालावी तसा तो गायचा. पण पहिले दोन हिवाळे मी त्या आवाजावर काढले. तो नसता तर सामान बांधून नागपूरला परत गेले असते. इंटरनेटवर शोधून शोधून मी त्यांचं सगळं पाठ केलं होतं. तीन ड्रमर कोणत्या क्रमाने आले आणि का गेले, कोणतं गाणं कुणाच्या गॅरेजमध्ये रेकॉर्ड केलं, सगळं. परीक्षेला बसवलं असतं तर पहिली आले असते.

तिसऱ्या वर्षी मी एका क्लबची सभासद झाले. स्टेशनमागे जुन्या कारखान्याच्या तळघरात तो होता. तो एका फेराइनचा, म्हणजे मंडळाचा, सभासदांनीच बिनपगारी चालवलेला. भिंतीवर महिन्याचा कागद लागायचा. दारावर कोण, बारवर कोण, स्वयंपाकाला कोण, ज्याने त्याने आपलं नाव घालायचं. तिकडचे असे छोटे क्लबही बाहेरून आलेल्या बँडला गरम जेवण आणि झोपायला खोली देतात. माणसांत राहायला मिळेल म्हणून मी सभासद झाले आणि बोलावं लागू नये म्हणून स्वयंपाक घेतला. ताकाला जाऊन भांडं लपवायची माझी जुनी सवय.

एका नोव्हेंबरच्या कागदावर त्या बँडचं नाव दिसलं. कार्यक्रम शनिवारी होता. स्वयंपाकाच्या रकान्यात मी इतक्या घाईने नाव लिहिलं की कागद फाटला. क्लबचा हिशेब बघणारी एक उंच बाई शेजारी उभी होती. ती म्हणाली, “यांना कोण येणार ऐकायला?” मी म्हटलं, “मी येणार.” “गेनाऊ, अगदी बरोबर,” ती म्हणाली, “तू एकटीच.”

मला त्या गायकाला एकच वाक्य सांगायचं होतं. तुमच्यामुळे मी इथे टिकले. बस. आठवडाभर ते वाक्य मी इंग्रजीत घोकलं. आंघोळीच्या वेळीसुद्धा.

शनिवारी सहा वाजता ते चौघं टेबलाशी बसले. पन्नाशीला टेकलेली, थकलेली माणसं. एकाने कंबरदुखीचा पट्टा बांधला होता. मी वरण-भात, भरली वांगी, पोळ्या आणि शेंगदाण्याची चटणी केली होती, वीसेक जणांना पुरेल एवढी. गायक म्हणाला, गाण्याआधी तो फारसं खात नाही. आमच्याकडे पहिलं ‘नको’ धरत नाहीत, मीही धरलं नाही. ‘सर,’ म्हणून मी तोंड उघडायची, तो मान वर करायचा, आणि मी त्याच्या ताटात आणखी एक पोळी टाकायची. असं चारदा झालं. तो बिचारा चारही खाऊन गेला. आठ वाजता स्टेजवर दुसऱ्याच गाण्यात तो माइकपासून बाजूला झाला, पोटावर हात ठेवला, भिंतीकडे तोंड करून ढेकर दिली आणि मग पुढची ओळ घेतली. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली त्याचं गाणं मी माझ्याच पोळ्यांनी अडवलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

ऐकायला चौदा माणसं होती, त्यात आम्ही चौघं कामावरची. तरी ते असे वाजवत होते की हॉल भरलेला असावा. एकही गाणं त्यांनी कमी केलं नाही. मी स्वयंपाकघराच्या दारात ओला टॉवेल धरून उभी होते. प्रत्येक शब्द येत होता मला. पुढे जाऊन उभी राहायला काय झालं होतं कोण जाणे. पुढे सगळी जागाच होती.

रविवारी सकाळी नाश्ता द्यायलाही मीच गेले. बाकीचे तिघं व्हॅनमध्ये सामान भरत होते. गायक एकटाच टेबलाशी बसला होता. तो म्हणाला, ही त्यांची शेवटची टूर. घरी गेल्यावर तो मेव्हण्याच्या हाताखाली छपरं दुरुस्तीच्या कामाला जाणार होता. तसं काही दुःखाने नाही, दात काढायचाय म्हणावं तसं म्हणाला. मग माझ्याकडे बघून म्हणाला, “काल तुझे ओठ हलताना दिसले मला. तुला शब्द येतात.”

यापेक्षा मोठं दार कुणी उघडून देत नाही. मी म्हटलं, “आणखी कॉफी देऊ?”

त्याने कप पुढे केला. थोड्या वेळाने विचारलं, “गाणाऱ्यांना असं वाढायला कुठे शिकलीस?”

“आईकडून. माझा मामा बँडमध्ये गायचा.”

असं मी आयुष्यात पहिल्यांदा म्हणाले. मामाची गायन पार्टी होती. पेटी, ढोलकी, बेंजो, मागे कोरस धरणारे दोघं. जयंतीच्या दिवसांत आणि एरवीही जीपमधून गावोगाव भीमगीतं गात फिरायचे. कार्यक्रम आमच्या वस्तीत असला की सगळ्या पार्टीचं जेवण आमच्या घरी. गाणाऱ्याला उपाशी पाठवायचं नाही, हा आईचा नियम. मी त्यांना वाढायची आणि वाढून झालं की आत जाऊन अभ्यासाला बसायची. मामाची कॅसेट कधी निघाली नाही. पुढे पुण्यात मैत्रिणींना मी मामा वीज मंडळात आहे एवढंच सांगितलं. ते खरंही होतं.

गायकाला मात्र नवल वाटलं. “कसा गायचा? चांगला होता?”

मला माहीत नव्हतं. खरंच माहीत नव्हतं. मी कशीतरी मान हलवली. व्हॅनचा हॉर्न वाजला, त्याने माझे आभार मानले, वांग्यांची स्तुती केली आणि ते गेले. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. मी भांडी घासली, दोनदा घासली, आणि नदीकाठच्या बाकावर बसून नागपूरला फोन लावला.

“जय भीम मामा.”

“जय भीम. काऊन वं, बरी हायेस ना?” मामा घाबरलाच. मी त्याला कधी फोन करत नसे.

“बरी आहे. सहजच. मामा, तू गातोस का रे अजून?”

“नाही वं. ढोलकीवाला गेला, मंग पार्टीच मोडली. आता लोकं डीजे लावतात.” मागे टीव्ही चालू होता. “पर आज काऊन आठवलं तुले?”

आठवडाभर घोकलेलं वाक्य तोंडात होतंच. ते चुकीच्या माणसाजवळ निघतंय हे मला कळत होतं, तरी थोडं बदलून निघालं. “मला तुझी गाणी खूप आवडायची मामा. तुला कधी सांगितलं नाही.”

टीव्ही बंद झाला. मग खुर्ची ओढल्याचा आवाज आला आणि तो अगदी हळू, लाजल्यासारखा म्हणाला, “खरंच वं? कोणतं आवडे तुले त्यातलं?”

मी आठवायला लागले. जेवणाच्या पंगती आठवल्या, जीप आठवली, मामाचा पांढरा शर्ट आठवला. गाणं एकही आठवेना. एक ओळसुद्धा नाही.

“सगळीच,” मी म्हणाले.

“एखादं तरी सांग ना.”

मी फोन दुसऱ्या कानाला लावला.

“राहू दे,” शेवटी मामाच म्हणाला. “इतक्या दुरून नाही आठवत माणसाले. तू जेवलीस का?”