अवनीला बेल वाजवायची होती

“आय डोन्ट वॉन्ट ड्राइव्हवे कँडी,” अवनी म्हणाली. हॅलोविनला नऊ दिवस राहिले होते आणि आमचा प्लॅन टाईप होऊन फाईलला लागला होता.

ईशान, रेवा, तुम्ही पुण्यात हॅलोविन फक्त मॉलमध्ये पाहिलाय. इथे कॅनडात, कोक्विटलामला, त्या संध्याकाळी मुलं भुतं-चेटकिणी बनून घरोघर जातात. बेल वाजवतात, “ट्रिक ऑर ट्रीट” ओरडतात आणि पिशवीत गोळ्या-चॉकलेटं घेतात. महिनाभर आधीपासून शाळेत दुसरा विषय नसतो.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट. म्हणजे काय, हे तुमच्या आईलाही नीट सांगता येत नाही. सोपं आहे. एखाद्याला जे करायचं आहे ते त्याच्या शरीराला जमत नसेल, तर जमेल अशी युक्ती काढायची. अवनी (नाव बदललं आहे) आठ वर्षांची. पॉवर चेअर, म्हणजे बॅटरीवरची खुर्ची, उजव्या हाताने झकास चालवते. तिच्या गल्लीत सहा घरं आहेत आणि प्रत्येक घराला पायऱ्या आहेत.

म्हणून आम्ही ठरवलं होतं की सहाही घरांनी ड्राइव्हवेच्या, म्हणजे घरासमोरच्या गाडीरस्त्याच्या, टोकाला टेबल मांडायचं आणि तिथेच चॉकलेटं द्यायची. सगळे लगेच तयार झाले. पोशाखही ठरला. खुर्चीभोवती फोमची मोठी काळी कढई आणि आत अवनी चेटकीण. कढई अशी कापली होती की जाड कोट घालूनही ती आत मावेल आणि खुर्ची चालवायची जॉयस्टिक बाहेर राहील. इथे पोशाखाचं माप कोटावरून घ्यायचं असतं. मी स्वतःवर खूष होते.

“मग काय हवंय तुला?” मी विचारलं.

“आय वॉन्ट टू रिंग द बेल.”

“बाबा उचलून नेईल की वर,” तिची आई शलाका म्हणाली. “गेल्या वर्षी नेलं होतं ना?”

“व्हेन बाबा कॅरीज मी, दे टॉक टू बाबा.”



शलाका मला बाजूला घेऊन हळूच म्हणाली, “काकू, तुम्ही समजवा ना तिला. सहा घरांना एकदा विचारून झालंय. आता परत कोणत्या तोंडाने जाऊ?”

“समजवायचं काय? चूक आपली आहे. मी चॉकलेटांचा प्लॅन केला. तिला विचारलंच नाही.”

घरी जाताना उपाय सुचला आणि मी बसमध्येच हसले. पायऱ्या हलवता येत नाहीत, पण बेल हलवता येते! वायरलेस डोअरबेल मिळते. तिचे दोन भाग असतात. बटण कुठेही लावा आणि वाजणारा भाग, म्हणजे रिसीव्हर, घरात प्लगमध्ये खोचा. बटण पायऱ्यांच्या खाली, एका काठीवर, अवनीच्या हाताच्या उंचीला लावायचं. घरातला माणूस दार उघडेल, तिला पाहील, तिच्याशी बोलेल आणि वाडगा घेऊन खाली येईल.

दुसऱ्या दिवशी माझी सुपरवायझर डेब्रा हिने भुवया उंचावल्या.

“गोल काय लिहिणार?” म्हणजे थेरपीचं उद्दिष्ट.

“क्लायंट शेजाऱ्याच्या घरची बेल वाजवेल.”

“इंडिपेंडंटली?”

“इंडिपेंडंटली.”

“मला बोलावशील?”

तिलाही या कल्पनेची झिंग चढली होती!

सहा सेट आले. रिसीव्हर आणि बटण यांची आधी ओळख करून द्यावी लागते. रिसीव्हर लर्निंग मोडवर टाकला की दिवा लुकलुकतो, मग बटण दाबायचं. मी सगळं ओळीत करणारी बाई. सहाही रिसीव्हर एका एक्स्टेंशन बोर्डवर लावले, सहाही दिवे लुकलुकायला लागले आणि एक ते सहा बटणं क्रमाने दाबली. नंबरांची लेबलं चिकटवली. मग सगळे काढून एकेक जोडी लंचरूममध्ये तपासली. एक रिसीव्हर लावला, त्याचं बटण दाबलं, वाजला, टिक. सहाही जोड्यांना टिक.

शलाकाने धीर करून पुन्हा सहाही घरी जाऊन विचारलं. कोणीही नाही म्हटलं नाही.

हॅलोविनच्या दिवशी अर्थातच पाऊस होता. सहालाच अंधार पडला. गल्लीत भोपळ्यांचे दिवे लागले होते. कढईतून अवनीचं तोंड आणि टोपी तेवढी दिसत होती. शलाका आणि बाबा छत्री घेऊन मागे, डेब्रा आणि मी फुटपाथवर. पहिलं घर एका आजोबांचं होतं. अवनीने खुर्ची काठीपाशी नेली, हात लांब केला आणि बटण दाबलं.

आत बेल वाजली. आजोबांनी दार उघडलं.

शेजारचं दार उघडलं. समोरचंही. मग उरलेली तीन. सहा दारांत सहा माणसं वाडगे घेऊन उभी आणि सगळी पावसात इकडेतिकडे बघतायत.

मला एकदम उमगलं. एकत्र लुकलुकणाऱ्या सहाही रिसीव्हरांनी सहाही बटणं शिकून घेतली होती! लंचरूममध्ये एका वेळी एकच लावला होता, मग मला कळणार कसं?

तेवढ्यात अवनी खुर्ची वळवून गल्लीच्या मधोमध आली आणि ओरडली, “ट्रिक ऑर ट्रीट!” एवढा मोठा आवाज तिच्या आईनेही ऐकला नव्हता.

आजोबांनी वरूनच विचारलं, “कढईत काय शिजतंय गं?”

“नेबर्स!” अवनी म्हणाली.

सहा घरं हसली.

“काकू, मुद्दाम केलंत ना?” शलाकाने मला कोपराने ढोसलं.

“नाही गं बाई! थांब, रिसीव्हर काढते, नीट करते.”

“डोन्ट यू डेअर फिक्स इट,” कढईतून आवाज आला.

दुसऱ्या बटणाला पुन्हा सहा दारं. तिसऱ्यानंतर लोक आत जायचेच थांबले. छत्र्या घेऊन खाली आले आणि अवनीशी बोलत उभे राहिले. तिच्या बाबाशी कोणी बोलेना. बाकीची मुलं तिला विचारायला लागली, “कॅन आय प्रेस इट?” तिने त्यांना रांगेत उभं केलं.

रिपोर्टमध्ये मी लिहिलं की गोल पूर्ण झाला. खाली चूकही लिहिली: लर्निंग मोडमध्ये एका वेळी एकच रिसीव्हर ठेवावा, आणि शेवटची चाचणी सगळे एकत्र लावून करावी. ही सूचना आता आमच्या सेंटरमधल्या त्या बेलांच्या बॉक्सवर ठळक अक्षरांत चिकटवली आहे. यंदा दोन कुटुंबांनी तो सेट मागितला. दोघांनीही सूचना वाचली आणि विचारलं, “तुमच्या जुन्या पद्धतीने जोडून मिळेल का?”