नवलनानांच्या मांडीतला तुकडा

भडगावचे नवलनाना जन्मभर केळीचे घड वाहत आले. अंगातली ताकद जाऊ लागली, तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी तपासायला मांडीच्या स्नायूचा तुकडा काढला. नानांना संशय आला. कोंबाच्या तुकड्यातून लॅबमध्ये केळीची हजारो रोपं वाढवतात, हे त्यांनी पाहिलं होतं. आता हे दुसरा नवल वाढवणार.

पुतणी वृषाली त्याच डॉक्टरांच्या लॅबमध्ये कामाला. ती म्हणाली, "नाना, प्रत्येक पेशीत अख्ख्या शरीराची जनुकं असतात. पण स्नायू घडताना स्नायूची तेवढी चालू होतात, बाकीची बंद राहतात."

"बंद शेतस ना? मंग कोनी तरी उघडी."

"कुणी उघडली, तरी तुकड्यातून माणूस उगवत नाही, नाना."

नानांनी तुकडा ठेवलेली बाटली उजेडात धरून निरखली.

"उगना तर माले सांगजो. त्याले घड उचलता येस का, ते माले दखनं शे."